सोलापुरात जुन्या टाइल्स आणि पितळी भांडी शोधायची तर

सोलापूर म्हटलं की चादर, शेंगा चटणी आणि कडक भाकरी. जुन्या वस्तूंच्या नादी लागलेली मंडळी मात्र तिकडे फारशी फिरकत नाहीत. त्यांनी फिरकावं, म्हणून हे लिहिते आहे. 1877 साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्यांमागून पैसा आला, पेठांतून वाडे उठले. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं एकाच गावात शेजाराने नांदली. आता ते वाडे पडताहेत आणि त्यांच्या पोटातलं सामान बाहेर येतंय.

मी आणि नणंद डिसेंबरात गेलो. मुंबईहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सोलापुरात सोडते, म्हणजे सगळा दिवस हाताशी राहतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. जत्रा बघायची असेल तर जरूर जा, पण तेव्हा खोली मिळणं कठीण आणि दुकानदारांना बोलायला उसंत नसते. एप्रिल-मे तर नकोच, चाळिशी पार केलेल्या उन्हात पितळेला हात लावू म्हटलं तरी चटका बसतो.

सुरुवात मधल्या मारुतीच्या आसपासच्या बाजारपेठेतून करा. नव्या भांड्यांच्या दुकानात मोडीत आलेली जुनी भांडी मागच्या बाजूला पडलेली असतात. ती मांडून ठेवत नाहीत, विचारावी लागतात. आधी मोडीचा किलोचा दर विचारून घ्या, म्हणजे पुढे वस्तूची किंमत सांगितली की त्यात धातू किती आणि हौसेचे किती हे कळतं. एक दुकानदार काका म्हणाले, “नुसतं बघू नका ताई, उचलून बघा की. हाताला कळतंय.” खरंच कळतं. जुनं भांडं त्याच आकाराच्या नव्यापेक्षा बहुधा जड लागतं. हंडा, कळशी, तपेलं उन्हात तिरकं धरा. दोन पत्रे दातांत दात अडकवून जोडल्याची नागमोडी रेघ दिसली तर ते हाताने घडवलेलं आहे. नव्यात असा सांधा सहसा नसतो. सोबत छोटं लोहचुंबक ठेवा, पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड लगेच पकडलं जातं. काशाची वाटी टिचकीने ओळखावी, नाद बराच वेळ रेंगाळतो.

त्या ढिगात मला एक परात मिळाली. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कन्नडमध्ये कोरलेलं नाव, आणि खाली बुडाशी दुसऱ्याच हाताने मराठीत घातलेलं दुसरं नाव. दुकानदार ती घासूनपुसून चकचकीत करून द्यायला निघाले होते. मी थांबवलं. पॉलिशच्या चाकावर धरलं की ठिपके बुजतात, आणि ही दोन नावं गेली तर उरतं ते नुसतं पितळ. सोलापूरच्या भांड्यांवर तेलुगू अक्षरंही सापडतात. पूर्वभागातल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीकडून आलेल्या मालात विशेष बघा. घरी आणल्यावर साबण आणि कोमट पाणी पुरे.

टाइल्ससाठी पाडकामाच्या मालाच्या वखारी गाठाव्या लागतात, जिथे जुनी दारं, चौकटी, तुळया रचलेल्या असतात. रिक्षावाल्यांना या जागा माहीत असतात. सहा इंची चौरस, उठावाची, चकचकीत टाइल दिसली की आधी उलटी करा. पाठीवर बऱ्याचदा इंग्लंडच्या कारखान्याचं नाव किंवा ‘मेड इन जपान’ असं उठवलेलं असतं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडचा माल अडला आणि जपानी कारखान्यांनी ती बाजारपेठ घेतली. त्यांनी खास हिंदुस्थानासाठी लक्ष्मी-सरस्वतीच्या टाइल्सही काढल्या. मी घेतलेल्या गुलाबाच्या टाइलवर हिरवा रंग पानाच्या शिरांत साचून जवळजवळ काळा झालाय आणि उंचवट्यावर पोपटी उरलाय. छापील नकलेत रंग असा साचत नाही.

चुन्यात बसवलेली टाइल साध्या पाण्यात दिवसभर भिजवली की मागचा चुना हळूहळू सुटतो. सिमेंट सुटत नाही, तिथे छिन्नी घेऊन बसू नका, टाइल जाईल. ॲसिड कशालाच नको. जमिनीवरच्या नक्षीच्या सिमेंट फरशीवर तर अजिबात नको. ती भट्टीत भाजलेली नसते, दाबून केलेली असते, आणि ॲसिडने तिचा रंगाचा थरच खाल्ला जातो.

आमच्यासमोर एका वखारवाल्याने उभ्या वाड्याच्या ओसरीवरच्या टाइल्स “काढून देतो” म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं, तुम्हीही म्हणा. पडलेल्या वाड्याचं घ्या, आमच्या हौसेपायी उभी भिंत उचकटायला लावू नका. देवळातली समई, मूर्ती, प्रभावळ कुठून आली हे विक्रेता नीट सांगत नसेल तर हात लावू नका. आणि परदेशी नातेवाइकांना द्यायचं मनात असेल तर 1972 चा पुरावशेष कायदा लक्षात ठेवा: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

भांडं रोजच्या वापरात घ्यायचं असेल तर आधी कल्हई, म्हणजे आतून कथलाचा थर, करून घ्या. चिंच-ताक-टोमॅटोचं काही तर कल्हईशिवाय नकोच. जुन्या डाग दिलेल्या, म्हणजे धातू वितळवून सांधलेल्या, जागी शिसं असू शकतं, अशा भांड्यात अन्न ठेवू नका, ते शोभेचंच.

परतीचं सामान बांधताना टाइल्स आडव्या रचू नका. मध्ये वर्तमानपत्र घालून कडेवर उभ्या ठेवा आणि चादरीत गुंडाळा. चादर तर तुम्ही घेणारच आहात. सहा इंची टाइल साधारण चारशे ग्रॅम भरते, पण आठ इंची एक सिमेंट फरशीच दोन किलोच्या आसपास जाते. त्या जास्त हव्या असतील तर लाकडी खोक्यात भरून ट्रान्सपोर्टने पाठवा, आणि खोकं तुमच्यासमोर भरून घ्या.