पहिले दोन किलोमीटर

डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला की बहुतेक लोक बॅटरीचाच विचार करतात. 'बॅटरी तर मागच्याच वर्षी बदलली' असं म्हणून पुढं निघतात. पण चालत्या गाडीत तो दिवा लागला, तर चार्जिंग बंद पडलंय आणि गाडी आता फक्त साठवलेल्या विजेवर चालली आहे, असा त्याचा अर्थ असतो. दिवसा एसी, वायपर, हेडलाइट बंद ठेवले तर त्यावर बरंच अंतर निघतं. रात्री पावसात सगळं चालू असेल तर अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही कमी. मग हेडलाइट पिवळे पडतात, वायपर रेंगाळायला लागतात, स्टिअरिंग जड होतं आणि शेवटी इंजिन बंद.

ज्या गाडीबद्दल लिहितोय ती अशीच बंद पडली. रात्री, पावसात, घाट चढताना, वळण संपल्यासंपल्या. डावीकडे दरी.

मी फ्लॅटबेड चालवतो, म्हणजे अख्खी गाडी सपाट पाठीवर चढवून नेणारा ट्रक. बंद पडलेल्या आणि ठोकलेल्या गाड्या उचलून गॅरेजपर्यंत नेणं हे माझं काम. कंट्रोल रूमकडून जी माहिती येते तिच्यात मॉडेल असतं, इंधन असतं, चासी नंबर असतो, पॉलिसीची तारीख असते, गाडी कुठल्या गॅरेजला सोडायची ते असतं. माणसं या क्षणी कुठं उभी आहेत, हे नसतं. तो प्रश्न फॉर्ममध्येच नाही. त्यामुळं फोन करणारा घाबरलेला माणूस दहा मिनिटं चासी नंबर शोधत बोनेटपाशी वाकलेला असतो, रस्त्याकडे पाठ करून. मी हे वर कळवलंय. फॉर्म तोच आहे.

म्हणून मी निघतानाच स्वतः फोन लावतो. त्या रात्रीही लावला.

"साहेब, गाडीत कोण कोण आहे?"

"मी, मिसेस, मुलगी आणि आई."

"सगळ्यांना खाली उतरवा. कठड्याच्या पलीकडे जागा आहे का?"

"पलीकडे सरळ दरी आहे हो. आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला उतरवून कुठं उभं करू?"

एरवी आम्ही सगळ्यांना एकच सांगतो: गाडीतून उतरा, कठड्यापलीकडे जा आणि गाडीच्या मागच्या अंगाला, म्हणजे वाहनं जिकडून येतात त्या बाजूला थोडं लांब उभे राहा. गाडीला मागून धडक बसली तर ती पुढं फेकली जाते. पुढं उभा असलेला माणूस तिच्याखाली सापडतो. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण घाटात कठड्यापलीकडे दोन फूट माती आणि मग काहीच नसतं.

त्यांनी इशाऱ्याचा लाल त्रिकोण लावला होता. कुठं, विचारलं तर म्हणाले, "गाडीच्या मागं, पाच-सहा पावलांवर." म्हणजे वळणाच्या अलीकडे नव्हे, वळण संपल्यावर. ओल्या रस्त्यावर ताशी ६० च्या वेगात येणाऱ्या गाडीला, ड्रायव्हर जागा असला तरी, थांबायला पन्नास-साठ मीटर लागतात. पाच पावलांवरचा त्रिकोण दिसेपर्यंत धडक होऊन गेलेली असते. वळणाच्या खाली जाऊन, येणाऱ्याला वळण घेण्याआधी दिसेल असा ठेवा, म्हटलं. ते म्हणाले, गाडीतल्यांना सोडून अंधारात तेवढं खाली कसं जाऊ? आवाजावरून कळत होतं, जाणार नाहीत.

तेव्हा मी त्यांना सांगितलं ते नीट लिहितो, कारण सगळं त्यावर येऊन थांबलंय. गाडी ऑटोमॅटिक, पुढची चाकं ओढणारी. म्हटलं, टोचन, म्हणजे दोरानं बांधून ओढून नेणं, शक्यतो करू नका, गिअरबॉक्स जाईल. पण मागून वाहनं अंगावर येतायत असं वाटलं आणि कुणी ओढायला तयार झालं, तर दोन किलोमीटर वर डाव्या हाताला रुंद जागा आहे, खडीचा ढीग दिसेल, तिथपर्यंत जा. त्याच्या पुढं नाही. लिव्हर न्यूट्रलला, किल्ली काढायची नाही; किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. ते "बरं बरं" म्हणाले आणि फोन कटला. नंतर लागलाच नाही.

मी पोचलो तेव्हा तिथं गाडी नव्हती.

वळण संपलं तसं माझ्या दिव्यात लाल चमकलं. खाली उतरून पाहिलं, तर त्रिकोण. चपटा झालेला, एक बाजू मोडलेली, चाकाची खूण त्याच्यावरून आरपार. आसपास काचा नव्हत्या, रस्त्यावर घासल्याच्या खुणा नव्हत्या. पण पावसात खुणा राहतात कुठं? माझ्या मदतनीसानं सर्चलाइट काढला आणि आम्ही दोघं कठडा धरून दरीत प्रकाश टाकत राहिलो. झाडी, पाण्याची धार, काळोख. कठडा कुठं वाकलाय का, हे तो हातानं चाचपत पन्नास पावलं पुढं गेला आणि परत आला. मी खाली हाका मारत होतो. काय हाक मारायची? नावसुद्धा मला माहीत नव्हतं. "आजीऽऽ" एवढंच ओरडलो.

या कामात मी ठोकलेल्या गाड्या खूप उचलल्या आहेत. पण ती मिनिटं मनातून जात नाहीत.

मग कंट्रोल रूमचा फोन आला. गाडी घाटमाथ्याच्या पलीकडे, पेट्रोल पंपावर. म्हणजे अठरा किलोमीटर वर.

झालं होतं असं. आमचा फोन संपल्यावर एक ट्रकवाला थांबला. त्याच्या आधी दोन वाहनं हॉर्न मारून निघून गेली होती. हा मात्र खाली उतरला, ट्रक पुढं घेतला, दोरखंड काढला. त्यानं टो हुक मागितला. मालकाला असा काही हुक असतो हे ठाऊकच नव्हतं. तो डिकीत जॅकशेजारी होता, बॅगांच्या खाली. बंपरवरची छोटी चौकोनी टोपी काढली की आत आटे दिसतात, त्यात तो बसवायचा आणि चाकाचा पाना आडवा घालून घट्ट करायचा. बऱ्याच गाड्यांत हे आटे उलटे असतात. सुलट्या दिशेनं फिरवत बसलं तर हुक धरतच नाही आणि लोक समजतात की तो या गाडीचा नाही. एकदा दिवसाउजेडी, घरासमोर बसवून बघावा. पाच मिनिटांचं काम आहे. इथं हुक बसलाच नाही, दोरखंड शेवटी चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मला बांधला गेला, आणि तो आर्म वाकला.

मालकानं त्याला 'खडीच्या ढिगापाशी थांबा' असं सांगितलं होतं. तो "हो" म्हणाला. दोन किलोमीटरवर आले, तर पावसामुळं ती जागा थांबलेल्या ट्रकांनी भरून गेलेली. त्यानं वेग कमी केला, जागा दिसली नाही, पुढं निघाला.

आणि इथून पुढं मागच्या गाडीला त्याच्याशी बोलायचा कुठलाच मार्ग नव्हता. मेलेल्या बॅटरीला हॉर्न वाजत नाही. हेडलाइट देता येत नाही. मालकाचा फोन बंद झालेला. मिसेसच्या फोनला चार्जिंग होतं, पण ट्रकवाल्याचा नंबर कुणी घेतला नव्हता आणि माझा नंबर बंद पडलेल्या फोनमध्ये. ब्रेक दाबून थांबवावं, तर इंजिन बंद असताना दोन-तीन दाबांनंतर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. पुढं पेडल दगडासारखं होतं, सगळा जोर लावला तरच थोडा ब्रेक लागतो. तेवढ्यात दोरखंड तुटला तर चढावर मागं घरंगळायची भीती. वायपर बंद, आतून काचा धुकटलेल्या. ड्रायव्हरची काच वीज जाण्याआधी चार बोटं खाली घेतलेली होती, तेवढ्या फटीतून बाहेर बघत त्यांनी गाडी सांभाळली. मिसेस ओढणीनं समोरची काच पुसत होत्या. मागं एकही दिवा नाही. बिनदिव्याची गाडी, दोरखंडाच्या टोकाला, रात्री. हे मी त्या वळणावर थांबण्यापेक्षा सुरक्षित म्हणू की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

ट्रकवाल्याच्या बाजूनं बघा. आरशात त्याला मागची गाडी दिसतच नव्हती. दोरखंड ताणलेला आहे, म्हणजे गाडी येतेय. उजेड आणि माणसं असलेली पहिली जागा पेट्रोल पंप. तिथं सोडावं असं त्याला वाटलं. माथ्यावर सपाटी लागल्यावर त्यानं चाळीस-पन्नासचा वेग धरला. गिअरबॉक्स तिथं गेला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. पण चाकं जमिनीवर फिरत असतील तर आतले गिअर फिरतच राहतात, कोरडे. न्यूट्रलला टाकल्यानं हे थांबत नाही. काही गाड्यांची पुस्तिका थोड्या वेगात, ठरावीक अंतरापर्यंत असं ओढायला परवानगी देते. या गाडीची अजिबात देत नाही, पुढची चाकं उचलूनच न्या म्हणते. चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर दोनच चाकं उचलूनही भागत नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीची मोटर तर चाकांबरोबर फिरून वीज तयार करायला लागते. या दोन्हींना फ्लॅटबेडच हवा. पुस्तिकेत हे सगळं लिहिलेलं असतं. त्या गाडीची पुस्तिका ग्लोव्हबॉक्समध्ये होती, प्लास्टिकचं वेष्टन न काढलेली.

तिच्याखालीच सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड सापडलं. ताजं. त्यात 'बेल्ट तपासले' यासमोर बरोबरची खूण. मी बोनेट उघडलं तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा बेल्ट कडेनं उसवून पुलीवरून उतरलेला, आतल्या धारा काचेसारख्या गुळगुळीत, जागोजागी आडव्या भेगा. असा बेल्ट एका रात्रीत होत नाही. सकाळी गाडी चालू करताना काही दिवस किंचाळल्यासारखा आवाज येत होता, असं मालकांनीच सांगितलं. ज्यानं ती खूण केली त्यानं बोनेटमध्ये टॉर्च मारूनही बघितलं नव्हतं. गाडी मात्र आतून-बाहेरून पॉलिश करून दिली होती. गॅरेजवाल्यांचा मला राग येतो तो इथं. न तपासलेल्यावर बरोबरची खूण करण्यापेक्षा रकाना कोरा सोडलेला परवडतो. निदान मालक विचारेल तरी. या गाडीत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप वेगळ्या बेल्टवर, टायमिंग बेल्टवर होता, म्हणून इंजिन वाचलं. तो याच बेल्टवर असता तर चढावर इंजिनही तापून गेलं असतं.

बॅटरीवर मीटर लावला, साडेनऊ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. जंप पॅक लावला: लाल प्लसला, काळा बॅटरीच्या मायनसला न लावता लांब इंजिनच्या उघड्या धातूला, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. इंजिन लगेच सुरू झालं. मालकांचा चेहरा उजळला. मी लिव्हर ड्राइव्हला टाकला, ॲक्सिलरेटर दिला. इंजिन ओरडलं, गाडी हलली नाही. गिअरबॉक्सच्या ऑइलची डिपस्टिक काढून वास घेतला. जळका. काही बोलायची गरज पडली नाही.

गाडी चढवायला वेळ लागला. वाकलेल्या आर्ममुळं पुढचं चाक आत वळलेलं, बंपर खाली, म्हणून टायरखाली फळ्या घालून चढ कमी केला आणि विंच अगदी सावकाश ओढली, मदतनीसाला केबलच्या रेषेतून बाजूला ठेवून. पट्टे चारही टायरांवरून आवळले. काही जण चासीला हुक अडकवून मोकळे होतात. मग खड्ड्यात गाडी स्प्रिंगवर दबते, पट्टा सैल पडतो. टायर बांधला की गाडी वर डुलली तरी पकड सुटत नाही. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून मी पट्टे पुन्हा आवळतो, पाऊस असला तरी.

तेवढ्या वेळात मालक ट्रकवाल्याला बोल लावायला लागले होते. तो केव्हाच गेला होता, पैसे न घेता. मिसेसनी त्याच्या ट्रकचा फोटो काढला होता, नंतर आभार मानायला म्हणून. आता त्या फोटोतला नंबर तक्रारीसाठी हवा होता. आजी पंपाच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्या पोराला काही बोलू नकोस. मी गाडीत होते. मागनं दिवे यायचे तेव्हा मी डोळे मिटून घ्यायची."

मालक गप्प बसले, त्या रात्रीपुरते. गिअरबॉक्सचा अंदाज गॅरेजनं दिल्यावर त्यांचा मला फोन आला. विमा कंपनी म्हणते, चुकीच्या टोचनमुळं झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. तुम्ही लिहून द्या, की ट्रकवाल्यानं ऐकलं नाही, सांगितलेली जागा सोडून पुढं नेली. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही कुणावर तरी ढकलावंसं वाटलं असतं, हे कळतं. पण त्यानं ऐकलं नाही, हे खरं नाही. जागा भरलेली होती, आणि मागून त्याला कुणी काही सांगू शकलं नाही. मोडलेला त्रिकोण मी उचलून आणलाय, तो माझ्या केबिनमध्ये सीटमागं आहे. गाडी तिथून हलल्यानंतर तो चिरडला असेल, कुणाला तरी न दिसल्यामुळं. तिथं गाडी उभी असती तर दिसली असती का?

गाडी ताब्यात घेतली तेव्हाच्या स्थितीचा रिपोर्ट मी दिला: बेल्ट, बॅटरीचं रीडिंग, वाकलेला आर्म, ऑइलचा वास, फोनवर दिलेल्या सूचना, वेळेसकट. उद्या विमा कंपनीचा सर्व्हेअर बोलणार आहे. तो विचारेल, टोचन टाळता आलं असतं का. पहिल्या दोन किलोमीटरना माझं उत्तर 'नाही' आहे, आणि त्यासाठी गिअरबॉक्स गेला असता तरी मी तेच म्हटलं असतं. पुढच्या सोळांना 'हो', ट्रकवाल्याचा नंबर मिसेसच्या फोनमध्ये असता तर. फॉर्मवर त्या प्रश्नापुढं एकच चौकट आहे, हो किंवा नाही. मी दोन्ही लिहिणार आहे, खाली सही करून.