पॉश समितीवर बाहेरचा सदस्य नेमताना: माझा अनुभव

‘बाह्य सदस्य नोंदणीकृत संस्थेच्या असल्याचे प्रमाणपत्र जोडलेले नाही’ असा शेरा मारून जिल्ह्याच्या कार्यालयातून आमच्या समितीचे कागद परत आले. पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याचा कायदा; त्याची छापील प्रत माझ्यासमोरच होती. मी कलम पुन्हा वाचलं. असं प्रमाणपत्र लागतं असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. तरीही तो शेरा मागे घेतला जाईपर्यंत जे दिवस गेले, त्यांचा राग अजून मनात आहे. छोट्या कारखान्यात हजेरीपासून पीएफपर्यंत सगळं एकटीनं बघणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पर्सोनेलचं काम बघते. बायका बहुतेक पॅकिंग आणि तपासणीला. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे २०१३ च्या या कायद्यानुसार छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती नेमावीच लागते, नाहीतर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड होतो. आमच्याकडे जुनी समिती होती, पण तिची मुदत संपलेली, आणि बाहेरच्या सदस्य म्हणून नाव होतं ते मालकांच्या नात्यातल्या एका बाईंचं. ३ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिले: या कायद्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या नेमा, खासगी ठिकाणीही समित्या आहेत का याची पाहणी करा. त्यानंतर आम्हालाही विचारणा आली आणि मी नव्यानं सुरुवात केली.

आतले सदस्य ठरवायला फार वेळ लागला नाही. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारीच असावी लागते, ती जागा अकाउंट्सच्या मॅडमनी घेतली. कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य, आणि एकूण समितीत निम्म्या तरी बायका, एवढं जमलं.

बाहेरच्या सदस्याचं मात्र वेगळं आहे. समितीला साक्षीदाराला बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात आणि त्यावर बसणारी माणसं न्यायाधीश नसतात. अध्यक्ष मॅडमचा पगार मालक देतात, माझाही तेच देतात. उद्या तक्रार प्लँट हेडच्याच विरुद्ध आली तर? त्या टेबलावर मालकाच्या पगारावर नसलेलं एकच माणूस असतं, ते म्हणजे हा बाहेरचा सदस्य. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७ च्या विशाखा निकालातच सर्वोच्च न्यायालयानं कारण सांगून ठेवलंय: वरून दबाव येऊ नये म्हणून समितीत तिसरा पक्ष हवा. त्यामुळे इथे नाव भरण्यापुरतं माणूस नेमायचं नाही हे माझ्या मनात पक्कं होतं.

आमच्या कारखान्याच्या साहेबांनी आधी कंपनीच्या वकिलांचं नाव सुचवलं. मी म्हटलं, "साहेब, ते लेबर कोर्टात आपल्या बाजूनं उभे राहतात. तक्रार करणाऱ्या बाईनं त्यांच्यावर कसा विश्वास ठेवायचा?" त्यांनी ऐकलं. मग पुण्याच्या एका एजन्सीचा फोन आला. वर्षाचं पॅकेज, नाव देऊ, अहवालावर सही करू, प्रत्यक्ष यायची गरज पडणार नाही. ‘यायची गरज पडणार नाही’ ही त्यांच्या लेखी सोय होती. मला त्या वाक्याची चीड आली, आणि अशी ऑफर कुणीही घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन.

शेवटी मिळाल्या त्या ताई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, नोकरीत असताना परिचारिकांच्या संघटनेचं काम केलेल्या, आणि नंतर कितीतरी वर्षं पोलीस ठाण्यातल्या महिला समुपदेशन केंद्रात स्वतःहून जाऊन बसणाऱ्या. मी घरी गेले तर त्यांनी मानधनाचं विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "चौकशी चालू असताना तुमचे मालक मला फोन करणार का?" दुसरा, "दुसऱ्या पाळीच्या बायका घरी कशा जातात?" तिथेच माझं ठरलं.

आणि मग ते कार्यालय. आमच्या समितीची माहिती जिल्ह्याला कळवायची होती. साहेबांच्या सहीचा आदेश, सदस्यांची नावं, ताईंचा अनुभव, सगळं जोडून दिलं. टेबलावरच्या बाईंनी चाळून विचारलं, "संस्था कुठली?" मी सांगितलं, संस्था नाही, व्यक्ती म्हणून नेमलंय. "मग नाही चालणार. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणा." मी कलम ४ दाखवलं. त्यात दोन मार्ग सरळ दिलेत: महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला सदस्य, नाहीतर या विषयाची जाण असलेली व्यक्ती. बाईंनी ते वाचलंसुद्धा नाही. "आमच्याकडे फॉर्मॅटमध्ये संस्थेचा रकाना आहे. रकाना रिकामा कसा ठेवणार?"

मी म्हटलं, ठीक आहे, मग तुमच्याकडे अशा संस्थांची यादी असेल ना, ती द्या. यादी ‘तयार होतेय’. कधी होईल? तिथले साहेब मीटिंगला. साहेब दौऱ्यावर. साहेब आले तर संबंधित फाइल दुसऱ्या टेबलावर. दरम्यान कारखान्यात त्याच कार्यालयाचं स्मरणपत्र येऊन पडलं: समिती स्थापन केल्याचा अहवाल तात्काळ सादर करा, अन्यथा कारवाई. अहवाल आम्ही दिलेला होता, त्यांनीच परत केलेला होता! बाकड्यावर माझ्या शेजारी एका बेकरीचे मालक होते, त्यांनाही हाच शेरा. त्यांनी कंटाळून कुठल्याशा मंडळाकडून पैसे देऊन पत्र आणलं आणि त्यांचं काम त्याच दिवशी झालं. ते मंडळ कधी चौकशीला येणार आहे का, हे कुणीही विचारलं नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. रकाना भरला की काम झालं, आणि आयुष्यभर अशा बायकांच्या बाजूनं बसलेल्या माणसाला मात्र दारातून परत.

तोंडी बोलून काही होत नाही हे दिसल्यावर सगळं लेखी केलं. एका पानाचं पत्र: कलम ४ मधला मजकूर जसाच्या तसा, ताईंचा अनुभव वर्षांसह, आणि एक साधी विनंती, की व्यक्तीची नेमणूक कोणत्या तरतुदीनुसार अमान्य आहे ते लेखी कळवावे. या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम ४ मध्ये ‘जाण असलेली व्यक्ती’ म्हणजे कोण ते सांगितलंय: किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले सामाजिक कार्यकर्ते, किंवा कामगार, सेवा, दिवाणी वा फौजदारी कायद्याची माहिती असलेली व्यक्ती. तो नियम मुळात जिल्ह्याच्या स्थानिक समितीसाठी आहे, पण मोजपट्टी म्हणून तोच जोडला. पत्र आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. हा शिक्का घेतल्याशिवाय कुठल्याही कार्यालयातून उठू नका. लेखी नकार द्यायला कुणी तयार नव्हतं. वरच्या अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, "बरोबर आहे यांचं," एवढंच म्हणाल्या, आणि कागद घेतले गेले. बाहेर येऊन मी पहिला फोन ताईंना केला.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: समिती नेमण्याचा अधिकार मालकाचा आहे, तोही लेखी आदेशानं. कार्यालयाला कळवायचं असतं, त्यांची मंजुरी मागायची नसते. म्हणून त्या शेऱ्यासाठी आम्ही काम थांबवलं नाही. आदेशाच्या तारखेपासून ताई सदस्य होत्या आणि त्यांची पहिली बैठक कागद परत आलेले असतानाच झाली. ताई आधी शॉप फ्लोअर फिरल्या, बायकांच्या स्वच्छतागृहाकडे जाणारा अंधारा बोळ पाहिला आणि तिथे दिवा लावायला सांगूनच खुर्चीवर बसल्या.

मानधनाबद्दल: नियमात दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च आहे. साहेबांना मी म्हटलं, दोनशे रुपयांत कुणाचा दिवस मागणं बरं नाही. त्यांनी रक्कम वाढवली आणि आदेशातच लिहिली. तुम्हीही लिहून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी ताईंना अकाउंट्सकडे विचारत बसावं लागत नाही.

घाईत चौकशी उरकायचा मोह झाला तर गोवा विद्यापीठातलं प्रकरण वाचा. १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या समितीच्या घाईच्या कामकाजावर बोट ठेवून आरोप झालेल्या शिक्षकावरची कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. म्हणजे पुन्हा चौकशी, तक्रारदारांसाठीही. चौकशीला ९० दिवस दिलेत, ते नीट वापरायला सांगणारं माणूस टेबलावर हवं.

शी-बॉक्स या अशा तक्रारींसाठीच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर समितीची नोंद करताना ताईंचा स्वतःचा मोबाइल नंबर त्यांना विचारून द्या, कंपनीचा नको. आदेशाची प्रत टाइम ऑफिसजवळ, पंचिंग मशीनच्या वर लावली आहे, मराठीत आणि हिंदीतही, कारण आमच्याकडे बिहार-ओडिशाच्या मुली आहेत. सदस्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते. आमची संपायची तारीख आदेशावर ठळक छापली आहे, आणि त्याच्या सहा महिने आधी मी पुढच्या ताईंचा शोध सुरू करणार आहे.