डावं चाक कोरडं! मागचा एक्सल सरळ झाला, पण पेडल अजून रुसलेलंच

बिंदुसरा धरणापर्यंत जीप पळवून आणली, मागचा डावा ड्रम उतरवला आणि आत बोट फिरवलं. कोरडं! ब्रेक शूला गिअर ऑइलचा वासही नाही. मागचे भाग वाचलेल्यांना ठाऊक आहे, ह्या एका कोपऱ्याने माझा अख्खा उन्हाळा गिळला.

गाडी तीच. महिंद्राची सीजे-३बी, हरिकेन इंजिन, टप काढलेला, फ्रेम खाली घेतलेली. माझी हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी कापून-बदलून केलेली. ‘हॉट रॉड म्हणजे १९३२ ची फोर्ड, जीपला कसलं हॉट रॉड म्हणता’ असं म्हणणाऱ्यांनी बीडच्या भंगारात १९३२ ची फोर्ड शोधून द्यावी, मी उद्या जीप विकतो.

तर सील, म्हणजे एक्सलच्या टोकाशी गिअर ऑइल अडवणारी कडी. नवं बसवलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा शू ओले आणि ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढणार. नेहमीचे संशयित आधीच तपासले होते. हाउसिंगचा (एक्सलच्या लोखंडी खोळीचा) ब्रीदर, म्हणजे हवेची वाट, मोकळा होता (तो चिखलाने बुजला की आतली तापलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते). शाफ्टवर सील फिरतं ती जागा पॉलिश केली होती. एन्ड प्ले (शाफ्टची आत-बाहेर हालचाल) बेकरच्या डायल गेजवर सहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे चार ते आठच्या बरोबर मधे. सगळी मापं शहाणी आणि तेल मात्र बाहेर! मधल्या काळात एका दुकानातून चकचकीत डब्यातलं ‘ओरिजनल’ सील आणलं, त्याची स्प्रिंग बोटाने सुटून आली. डब्यावर जाऊ नका, ओठ वाकवून बघा.

त्यात हा टेपर, म्हणजे निमुळत्या टोकाचा एक्सल. ड्रम काढायचा म्हणजे हब (ज्याला चाक बोल्ट होतं तो भाग) टेपरवरून उपटायचा. तीन पायांचा बाजारू पुलर इथे नुसता वाकतो. लेथवाल्या मामांकडे ऊसतोडीच्या ट्रॉल्यांची कामं असतात, त्यांनी जाड प्लेटचा, पाचही स्टडला धरणारा पुलर करून दिला. ताण द्या, बोल्टच्या डोक्यावर घण घाला, वाट बघा. एक्सलचा नट दोन आटे सैल करून तसाच ठेवा, काढू नका. टेपर सुटतो तेव्हा हब बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

उलगडा झाला तो जुन्या सीलांमुळे. काढण्याआधी प्रत्येक सीलच्या वरच्या बाजूला पंच मारायची सवय आहे. सगळी बाकावर ओळीने मांडली, तर प्रत्येकाचा ओठ एकाच बाजूला खाल्लेला. सील जागचं हलत नाही, फिरतो तो शाफ्ट. म्हणजे शाफ्टच भोकाच्या मधोमध नाही. मामांनी बघितलं आणि म्हणाले, “कामून सीलाच्या मागं लागलात? नळीच वाकडी हाय.”

चाकाला ओळंबा लावला. वरची कड आत झुकलेली. दोन्ही मागच्या रिमांमधलं अंतर मोजलं तर पुढच्या बाजूला दीड सूत जास्त. मागचा एक्सल सरळ असेल तर हा फरक शून्य हवा. हाउसिंगची डावी नळी वर आणि किंचित मागे वाकली होती. आमच्याकडे जीप वडापाला किती माणसं घेऊन धावायची हे पाहिलेल्याला कारण सांगायला नको.

दुसरं हाउसिंग शोधावं असं आधी मनात होतं. मिळालेलं एक त्याहून वाकडं निघालं, मग आहे तेच सरळ करायचं ठरलं. क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधला मोठा आणि लहान गिअर), बेअरिंगं, सगळं बाहेर काढलं. मामांनी चार गोल चकत्या कातल्या, दोन डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या घरात बसणाऱ्या, दोन नळ्यांच्या तोंडात. मधल्या भोकांतून ब्राइट बार सरकवायचा. नळी सरळ असेल तर बार हाताने आरपार जातो. आमचा डाव्या तोंडाशी येऊन अडला, भोकाच्या कडेलाच टेकला.

सरळ करायची रीत उलटी वाटते. घणाने ठोकायचं नाही. वाक जिकडे फुगलेला, तिकडे नळीवर वेल्डिंगची पट्टी मारायची. निवताना धातू आकसतो आणि ती बाजू ओढून घेतो. आमचा वाक खाली आणि थोडा पुढे फुगलेला होता, म्हणून पट्टी तिथे. अर्थिंग त्याच नळीवर. छोटी पट्टी, पूर्ण थंड, बार घालून बघ, पुन्हा पट्टी. घाई केली तर नळी दुसरीकडे जाते आणि मग उलट्या बाजूने तेच काम. संध्याकाळी बार एकदम सरकला आणि उजव्या तोंडातून बाहेर पडून मामांच्या पायाशी वाजला. त्या आवाजासाठी चहा, भजी आणि वर जिलबी माझ्याकडून.

बांधणी पटकन सांगतो. क्राउन-पिनियनचे दात ४३ आणि ८, म्हणजे ५.३८ चा रेशो, तोच ठेवला. दात नीट भिडतात का बघायला सिंदूर तेलात कालवून लावला, ठसा मधोमध आला. एक्सलचा नट १५० फूट-पाउंडावर. नट अडवणाऱ्या पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच फिरवायचा, मागे कधीच नाही.

अमेरिकेतली मंडळी अशा वेळी सरळ १९५७ पासून आलेला फोर्डचा नऊ इंची एक्सल टाकतात. इथे बोलेरोचा सुचवला जातो, पण तो एवढा रुंद की चाकं मडगार्डच्या बाहेर जातील. माझा आहे तोच डाना ४४ एक्सल मला पुरे.

आता ब्रेक. पुढे जिप्सीच्या डिस्क बसल्या. पाच स्टड, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर, जीप आणि जिप्सी दोघांचं गणित एकच, म्हणून सुरुवात तिथूनच केली. कॅलिपरसाठी (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) दहा मिलिमीटरच्या प्लेटचे ब्रॅकेट कापले. मास्टर सिलिंडर टँडम, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी जिवंत. हवा नीट काढली, तरीही पहिला पेडल अर्ध्यावर जातो आणि दुसरा दगडासारखा घट्ट. हवा असती तर दुसराही मऊ लागला असता. सिलिंडर जुन्या जागी, फ्लोअरखाली आहे आणि कॅलिपर त्याच्या वर. गाडी उभी राहिली की ब्रेक ऑइल हळूच मागे उतरतं, पॅड सरकतात. उपाय म्हणजे डिस्कच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, जो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमसाठीचा १० चा असतो, तो डिस्कला लावला तर पॅड घासत राहतील. इथल्या दुकानांत हे नाव घेतलं की काउंटरवरचा माणूस मला व्हॉल्व्ह ट्यूब दाखवतो. परदेशातून मागवलाय.

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, मागेही डिस्क का नको? सगळे घाबरवतात ते हँडब्रेकवरून. पण सीजे-३बीचा हँडब्रेक चाकांवर नाहीच, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) मागच्या ड्रमवर आहे. मागे डिस्क लावली तरी हँडब्रेक जिथल्या तिथे! (एक चाक जॅकवर उचललं की तो बिनकामाचा, डिफरन्शियल फिरून देतो. दगड लावाच.) म्हणजे नवे ब्रेक शू आणायचा बेत थांबवतो. अडचण फक्त टेपर हबची. डिस्क हबच्या मागे बसवली तर बॅकिंग प्लेट जाते, आणि एन्ड प्ले जुळवणाऱ्या शिम (पातळ पत्र्या) त्या प्लेटखालीच असतात. प्लेटएवढ्याच जाडीची चकती मामांकडून कातून घ्यावी लागेल. कुणी डाना ४४ च्या टेपर एक्सलवर हे केलं असेल तर चकतीची जाडी आणि कॅलिपर कुठला, एवढं सांगा.

व्हॉल्व्ह आला की मांजरसुंब्याचा घाट, आधी रिकामी गाडी, मग मामांना शेजारी बसवून.