पंधरा सेकंदांचा दारूगोळा

शनिवार, रात्री

स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, डोक्यावरून गेलं की खाली उभी असलेली माणसं बोलायची थांबतात. ज्यांना त्यातलं काही कळत नाही तीही वर बघतात, काहींचे तर डोळे भरून येतात. युद्धाच्या आठवणींमुळे, असं सांगितलं जातं. पण ज्यांनी युद्ध पाहिलंच नाही त्यांचं काय? त्यांच्याही पोटात कालवतंच. मला वाटतं, कारण यंत्रातच आहे. या विमानांत कुठेही सैलपणा नाही. वेळ, पेट्रोल, तापमान, गोळ्या, सगळं अगदी काठोकाठ बेतलेलं, आणि ते बाहेरच्या माणसालाही जाणवतं.

आधी आवाज. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन २७ लिटरचं, व्ही आकारात १२ सिलिंडर, फोर-स्ट्रोक. म्हणजे क्रँकशाफ्टच्या, इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्याला सहा स्फोट. मिनिटाला २,००० फेरे धरले तर सेकंदाला २०० स्फोट, आणि मधे सायलेन्सर नाही. धूर इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या आखूड नळ्यांतून थेट बाहेर. प्रॉपेलर मात्र गिअरमधून हळू फिरतो. मर्लिन ६६ या प्रकारात हे प्रमाण ०.४७७ आहे, म्हणजे त्याच वेळी प्रॉपेलरचे साधारण ९५४ फेरे. चार पाती, म्हणून सेकंदाला जवळपास ६४ वेळा हवा कापली जाते. खाली हा खर्ज, वर दोनशेची गर्जना आणि त्याहून वर सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, बारीक शीळ. इंजिन जमिनीवर मंद चालत असताना एखादा सिलिंडर चुकला तर तोही कानाला कळतो. जेटच्या आवाजात असं आतलं काही ऐकू येत नाही. मर्लिन मात्र आत काय चाललंय ते सगळं सांगून टाकतं.

सुरू करण्याची रीतही तशीच, हाताने करायची. मार्क ९ घ्या (स्पिटफायरच्या आवृत्त्यांना मार्क म्हणतात). पेट्रोलचा कॉक उघडा, थ्रॉटल अर्धा इंच पुढे, प्रॉपेलरचा दांडा पूर्ण पुढे. मग प्रायमिंगचा, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनात पेट्रोल सोडायचा, हातपंप. किती वेळा मारायचा हे हवेवर ठरतं. थंडीत बरेच हात, तापलेल्या इंजिनाला जेमतेम. मग स्टार्टर आणि बूस्टर कॉइलची (सुरू होताना ठिणगीला जोर देणारी) बटणं एकदम दाबायची. स्टार्टर सलग २० सेकंदांपेक्षा जास्त चालवायचा नाही, नाही धरलं तर ३० सेकंद थांबून पुन्हा. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन नुसतं खोकतं. जास्त झालं तर सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन निघतं आणि नळ्यांत साचलेलं पेट्रोल पेटतं. अशा वेळी घाबरून हात काढायचा नसतो, इंजिन फिरवतच राहायचं. ते धरलं की ज्वाळा विझून जाते. तरीही बाजूला आग विझवायचं नळकांडं घेऊन माणूस उभा असतोच.

इंजिन धरलं की दुसरी घाई सुरू होते. तेल १५ अंश आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ४० अंशांवर येईपर्यंत पूर्ण ताकद द्यायची नाही, आणि तिथून पुढे उलटी काळजी: फार तापू द्यायचं नाही. सुरुवातीच्या मार्कांत कूलंटचा रेडिएटर उजव्या पंखाखाली आहे आणि उतरलेल्या उजव्या चाकाचा पाय नेमका त्याच्या हवेच्या वाटेत येतो. उडताना पाय आत जातो आणि सगळं ठीक होतं. जमिनीवर मात्र रांगेत उभं राहावं लागलं तर काही मिनिटांत काटा शंभरीकडे धावतो. वाऱ्याकडे तोंड करून बघायचं, नाहीच जमलं तर इंजिन बंद. त्यात नाक एवढं लांब आणि वर की समोरचं दिसत नाही, म्हणून नागमोडी चालत जायचं. चाकं एकमेकांच्या जवळ, त्यामुळे वळणात विमान एका अंगावर कलतं. ब्रेक जोरात लावला तर शेपटी उचलली जाते आणि पाती जमिनीला लागतात. मग प्रॉपेलर तर जातोच, शिवाय इंजिनही उघडून तपासावं लागतं.

हे सगळं दोष म्हणून मोजता येईल. मला ते तसं वाटत नाही. हे विमान जमिनीवर राहण्यासाठी केलेलंच नव्हतं, आणि ते त्याच्या प्रत्येक सवयीत दिसतं.

रेजिनाल्ड मिचेल यांनी ते आखलं. ५ मार्च १९३६ ला पहिला नमुना उडाला आणि जून १९३७ मध्ये मिचेल कर्करोगाने गेले, वय ४२. कारखान्यातून निघालेलं एकही स्पिटफायर त्यांनी उडताना पाहिलं नाही. पुढे २०,००० च्या वर बनली. कारखान्यातून तळापर्यंत पोचवणाऱ्यांत एटीएच्या (एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी, विमानं पोचवणारी संस्था) स्त्री वैमानिक होत्या. रेडिओ नाही, खाली बघत नकाशावरून वाट काढायची.

कॉकपिटमधली एक गोष्ट मात्र कुणी आवर्जून सांगत नाही. पेट्रोलच्या दोन टाक्या, ४८ आणि ३७ गॅलनच्या, मिळून सुमारे ३८६ लिटर, आणि त्या कुठे? इंजिन आणि काट्यांची पाटी यांच्या मधे, म्हणजे वैमानिकाच्या थेट पुढ्यात. पेट घेतला तर ज्वाळा तोंडावरच. तोंडाहाताने भाजलेल्या त्या विशीतल्या पोरांसाठी ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जन आर्चिबाल्ड मॅकइंडो यांनी शस्त्रक्रिया केल्या. पंखांच्या सुंदर लंबगोल रेषेकडे बघताना ही टाकी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि गोळ्या. मार्क १ मध्ये आठ ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकीला ३०० काडतुसं. एक बंदूक मिनिटाला साधारण १,१५० झाडते. भागाकार करून बघा: १५-१६ सेकंद. एवढा सगळा खटाटोप, एवढं सगळं इंजिन, पंधरा सेकंदांसाठी. म्हणून वैमानिक दोन-दोन सेकंदांच्या फैरी झाडत. बंदुकांच्या तोंडांवर लाल कापडाच्या चकत्या चिकटवलेल्या असत, आत धूळ आणि ओल जाऊन वर थंडीत बंदूक गोठू नये म्हणून. पहिल्याच गोळीने कापड फाटे. परतणाऱ्या विमानाची ती उघडी भोकं वाऱ्यात शीळ घालत, आणि विमान टेकण्याआधीच जमिनीवरच्या मेकॅनिकांना कळे की आज गाठ पडली होती. मग ते आकाशाकडे बघत मोजत बसायचे, किती परत आली.

ब्रिटिश हवाई दलाच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट या जुनी विमानं उडवणाऱ्या तुकडीकडे, इंग्लंडमधल्या कॉनिंग्जबीच्या तळावर, पी७३५० क्रमांकाचं मार्क २ आहे. १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, जर्मन हवाई दलाविरुद्धच्या लढाईत, प्रत्यक्ष उतरलेलं आणि आजही उडणारं. ऑक्टोबर १९४० मध्ये ते गोळ्या खाऊन हेस्टिंग्जजवळ उतरलं होतं. डाव्या पंखावर त्या भोकांची ठिगळं अजून दिसतात, मुद्दाम ठेवलेली. रंगाच्या खाली नुसता एक चपटा गोल उंचवटा. मला कुठल्याही स्मारकापेक्षा तो जास्त बोलका वाटतो.

अर्थात अशी विमानं फार कमी. बऱ्याच वेळा हाती येतो तो कुठल्यातरी चिखलातून काढलेला सांगाडा. ड्युरॅल्युमिन (अंगाचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) वरून धड दिसतं, पण जोडाच्या आत पत्रा पापुद्र्यांसारखा सुटलेला, पांढरी भुकटी झालेली असते. असा पत्रा वाचवता येत नाही, बदलावाच लागतो. पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे आतला आडवा कणा, एकात एक बसणाऱ्या चौकोनी नळ्यांचा. बुंध्याशी जास्त, टोकाकडे कमी. त्या नळ्यांच्या मधे गंज बसला की नवाच करणं सुरक्षित. शेवटी जुनं म्हणून उरतात काही ब्रॅकेट, काही जोड आणि क्रमांकाची पाटी. मग हे तेच विमान का, यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. माझं मत असं की आराखडा, धातूची जात आणि जोडायची पद्धत तीच असेल तर ते तेच. युद्धातसुद्धा दुरुस्तीच्या शेडमध्ये पंख एकाचा आणि धड दुसऱ्याचं असं सर्रास चालायचं.

उडवावं की काचेआड ठेवावं, यावर मात्र मी उडवण्याच्या बाजूचा आहे, अटींसह. लढाईतला बूस्ट (इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा जोर) नको, जोराच्या कसरती नकोत, आडव्या वाऱ्यात उड्डाण रद्द करायला संकोच नको. दर उड्डाणानंतर तेलाच्या गाळणीत धातूचे कण आहेत का ते बघायचं. बेअरिंगचा चकचकीत कण दिसला तर इंजिन उतरवायचं, गर्दी कितीही जमलेली असो.