वेल्श गावांची नावे नीट उच्चारताना

वेल्समधल्या गावांची नावे उच्चारण्याच्या पलीकडची आहेत, असा एक समज इंग्रजीमार्फत आपल्याकडे आला आणि आपण तो फारशी चौकशी न करता मान्य केला. मी काही काळापासून ही नावे शिकते आहे आणि माझे मत नेमके उलट झाले आहे. वेल्श लेखनपद्धती इंग्रजीपेक्षा कितीतरी नियमबद्ध आहे. अक्षरांची मूल्ये एकदा ठाऊक झाली, की कधीही न ऐकलेले नावसुद्धा बऱ्याच अंशी बरोबर वाचता येते. रोमन लिपी दिसताच आपण इंग्रजीचे उच्चार गृहीत धरतो, आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो.

याची साक्ष त्या देशाच्या नावातच मिळते. वेल्सला वेल्श भाषेत जे नाव आहे, ते सी, वाय, एम, आर, यू या पाच अक्षरांनी लिहितात. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा त्याला 'सिम्रू' म्हणेल. खरा उच्चार 'कम्रि' असा आहे. वेल्शमध्ये सी म्हणजे नेहमी क, त्याचा स कधीच होत नाही. यू म्हणजे दक्षिणेत सरळ इ, तर उत्तरेत तोच स्वर जीभ थोडी मागे नेऊन उच्चारतात. आणि वाय म्हणजे, निदान या जागी, आपला मराठी 'अ'.

वेल्श वर्णमालेत २९ अक्षरे आहेत. त्यांतली आठ अक्षरे दिसायला दोन-दोन असली, तरी मोजताना प्रत्येकी एकच धरतात. शब्दकोशातही दोन एलने सुरू होणारे शब्द एका एलचे सगळे शब्द संपल्यानंतर स्वतंत्र विभागात येतात. स्वर सात आहेत, कारण नेहमीच्या पाचांत डब्ल्यू आणि वाय यांची भर पडते. सी-डब्ल्यू-एम हा शब्द पाहून स्वर कुठे आहे असा प्रश्न पडतो. डब्ल्यू म्हणजे उ हे कळले, की 'कुम' हा साधा शब्द समोर येतो. त्याचा अर्थ खोरे, आणि दक्षिण वेल्समधल्या कितीतरी गावांच्या नावांत तो आढळतो.

वायचा मात्र स्वतंत्र विचार करायला हवा. शब्दाच्या शेवटच्या अवयवात, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यात, तो इ होतो आणि त्याआधीच्या अवयवांत अ. डोंगराला वेल्शमध्ये जो शब्द आहे, त्यात वाय दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळा वाजतो: 'मनिध'. इंग्रजी भाषकांना हा अ वेगळा समजावून द्यावा लागतो, कारण त्यांच्या लिपीत त्याला स्वतःचे अक्षर नाही. आपल्याकडे तो वर्णमालेतला पहिलाच स्वर आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा भाग सोपा जावा असे मला आधी वाटले होते. प्रत्यक्षात आपली अडचण निराळी आहे. मराठीत बोलताना शब्दाच्या मधला अ आपण सर्रास गिळतो, आणि वेल्श नावांत आघात नेमका त्याच 'अ'वर पडलेला असतो. इंग्रजीत ज्याला स्नोडोनिया म्हणतात, त्या डोंगराळ प्रदेशाचे वेल्श नाव देवनागरीत 'एररि' असे लिहिले, तर मराठी वाचक ते 'एर्रि' असे वाचून मोकळा होईल. म्हणायचे आहे ते 'ए-र-रि', आणि जोर द्यायचा आहे तो मधल्या 'र'वर. माखन्ह्लेथमधल्या 'ख'चे आणि आबेरस्तुइथमधल्या 'र'चेही तसेच आहे. आपल्या ओळखीचा हा स्वर या नावांत पूर्ण वजनाने उच्चारायची सवय मला मुद्दाम लावून घ्यावी लागली.

वर मी 'ह्ल' असे लिहिले आहे, ते दोन एलचे अक्षर. सगळ्यांना धास्ती असते ती याचीच, आणि त्यासाठी थोडा वेळ द्यायलाच हवा. हा उच्चार थल नाही, क्लही नाही. शेकडो वर्षांपूर्वी इंग्रजांच्या कानांना तो फ्लसारखा वाटला, म्हणूनच लॉइड या आडनावाचे फ्लॉइड असेही एक रूप झाले. तो उच्चारायचा कसा, तर जीभ 'ल'च्या जागी टेकवायची, 'ल' लांबवायचा, आणि जीभ जराही न हलवता फक्त आवाज बंद करून श्वास सोडायचा. जिभेच्या कडांवरून, दाढांच्या बाजूने हवा घासत बाहेर पडते. काहींची ती एकाच बाजूने जाते आणि त्यात काही चूक नाही. गळ्यावर बोटे ठेवून पाहावे. 'ल' म्हणताना तिथे कंप जाणवतो, या वर्णाच्या वेळी तो पूर्ण थांबायला हवा. मराठी माणसाची जीभ इथे 'विल्हेवाट' किंवा 'कल्हई' या शब्दांतल्या 'ल्ह'कडे वळते. ती जागा जवळची आहे, पण आपल्या 'ल्ह'मध्ये गळ्याचा आवाज चालूच राहतो आणि घर्षण जवळजवळ नसते. तिथून सुरुवात करून आवाज काढून घेतला आणि श्वासाचा जोर वाढवला, की हवा तो वर्ण हाती लागतो. सरावासाठी ह्लानेह्लि हे नाव मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण त्यात तो वर्ण आरंभी एकदा आणि दोन स्वरांच्या मध्ये एकदा येतो. मधला जमू लागला, की ह्लान्गोह्लेन आणि दोल्गेह्लाइ फार दूर राहत नाहीत.

उरलेल्या वर्णांचे थोडक्यात सांगते. एक एफ म्हणजे व्ह आणि दोन एफ म्हणजे फ. टीएच आणि दोन डी या जोडीसाठी मी इथे थ आणि ध वापरते आहे, पण त्या दोन्हींत महाप्राण नाही. इंग्रजीतल्या 'थिंक' आणि 'दिस' या शब्दांच्या आरंभी असतात तसे ते दातांशी घासून येणारे वर्ण आहेत. सीएच हा घशातून घासत येणारा ख आहे, त्याचा च कधीही करू नये. आर आणि एचचे अक्षर 'ऱ्हास'मधल्या ऱ्हच्या जवळचे आहे, फक्त त्यातला गळ्याचा आवाज काढून टाकायचा.

आघाताचा नियम एकच आहे: तो उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अवयवावर पडतो. ह्लान्दिद्नो या नावात जोर 'दिद्'वर येतो. मात्र गावाचे नाव जोडशब्द असेल आणि त्याचा शेवटचा घटक एकाच अवयवाचा असेल, तर जोर बहुधा त्या शेवटच्या घटकावर जातो. राजधानी कार्डिफचे वेल्श नाव काइर्दीध, त्यात जोर 'दीध'वर. बेतुस-अ-कोइदमध्ये तो 'कोइद'वर. पुष्कळ नावांत दिसणारी संयोगचिन्हे शोभेची नाहीत, आघात शेवटी आहे हे सांगण्याचे काम ती करतात.

या भाषेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे शब्दारंभी होणारा वर्णबदल. मराठीत ठाणे या नावाला प्रत्यय लागला, की ते 'ठाण्यात' होते. बदल शेवटी होतो आणि आपल्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही. वेल्शमध्ये तसाच नियमबद्ध बदल नावाच्या सुरुवातीला होतो. काइर्दीधला जायचे असेल तर 'इ गाइर्दीध' म्हणतात. क चा ग होणे हे 'वाक्' आणि 'ईश' यांचे 'वागीश' करणाऱ्या आपल्या कानांना परके वाटू नये. गावांच्या नावांत हा बदल कायमचा मुरलेला असतो. 'ह्लान' म्हणजे चर्च आणि त्याभोवतीचे आवार. त्यापुढे संताचे नाव येते आणि त्याचा पहिला वर्ण मृदू होतो. तेइलो या संताचे ह्लान्देइलो, तिद्नोचे ह्लान्दिद्नो, पेद्रचे ह्लान्बेद्र, आणि माइर म्हणजे मेरीचे ह्लान्व्हाइर. काइर्नार्व्होन हे नाव सोडवून पाहिले तर आत 'काइर अन आर्व्होन' मिळते: आर्व्होनमधला किल्ला. आर्व्होन म्हणजे मोनच्या समोरचा प्रदेश, आणि मोन म्हणजे इंग्रजीत ज्याला अँगलसी म्हणतात ते बेट. म चा व्ह झाला आणि सामुद्रधुनीपलीकडचे बेट किल्ल्याच्या नावात येऊन बसले. हे कळल्यावर त्या नावातला व्ह चुकवणे शक्यच होत नाही.

हाच बदल आधुनिक वेल्सच्या एका दुखऱ्या आठवणीतही आहे. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी त्रवेरिनच्या खोऱ्यात धरण बांधण्याचा कायदा १९५७ साली ब्रिटिश संसदेने केला, आणि १९६५ मध्ये ते धरण सुरू झाले तेव्हा कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव पाण्याखाली गेले होते. आबेरस्तुइथच्या दक्षिणेला, ह्लानऱ्हस्तिद गावाजवळच्या एका पडक्या भिंतीवर 'कोव्हिउख द्रवेरिन' अशी अक्षरे रंगवलेली आहेत: त्रवेरिन विसरू नका. त्रवेरिनचा त्या वाक्यात द्रवेरिन होतो. १९६०च्या दशकात ती अक्षरे प्रथम रंगवली गेली तेव्हा नाव मूळ रूपातच लिहिले होते. व्याकरणशुद्ध रूप नंतर आले.

इंग्रजी रूपांविषयी सरसकट राग धरणे मला योग्य वाटत नाही. स्वान्सी हे त्या शहराच्या आबेर्तावे या वेल्श नावाचे बिघडलेले रूप नाही. ते स्कँडिनेव्हियन मुळाचे वेगळे नाव आहे. कार्डिफमधला शेवटचा फ तर जुन्या वेल्श रूपाची खूण जपतो; पुढे वेल्श बोलणाऱ्यांच्याच तोंडी त्या जागी ध आला. मात्र वेल्श नाव इंग्रजी कानांनी ऐकून मोडक्यातोडक्या वर्णांत लिहिले गेले, तिथे दुरुस्ती व्हायलाच हवी होती आणि बऱ्याच ठिकाणी ती झाली. एकेकाळी 'कॉनवे' असे लिहिले जाणारे गाव आता अधिकृतपणे कोनुइ आहे. २०२२ साली स्नोडोनियाच्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने स्नोडोनिया हे प्रदेशाचे आणि स्नोडन हे तिथल्या शिखराचे नाव मागे ठेवून ए-र-रि आणि अर विध्व्हा ही नावे वापरायचे ठरवले. १०८५ मीटर उंचीच्या या शिखरावर जाणाऱ्या माणसाने त्याचे नाव तिथल्या लोकांच्या तोंडी आहे तसे घ्यावे, ही अपेक्षा मला पूर्णपणे रास्त वाटते. २०२१च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये ही भाषा बोलणारे ५,३८,३०० लोक आहेत, आणि ही नावे त्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत.

मोन बेटावरच्या एका गावाचे ते अतिप्रसिद्ध लांबलचक नाव मी मुद्दाम बाजूला ठेवले आहे. प्रवासी यावेत म्हणून ते १८६०च्या दशकात घडवले गेले. रोमन अक्षरे मोजली तर ती ५८ भरतात आणि वेल्श रीतीने मोजली तर ५१. वर सांगितलेले नियम वापरून ते तुकड्या-तुकड्याने सहज वाचता येते, पण शिकण्याची सुरुवात तिथून करू नये. तिथले लोक स्वतः त्याला ह्लान्व्हाइरपुह्ल एवढेच म्हणतात.

मराठीत लिहिताना 'कार्डिफ' आणि 'स्वान्सी' ही रूढ नावे राहू द्यावीत. ज्या गावांचे मराठीत अजून काहीच रूढ झालेले नाही, त्यांची नावे मात्र थेट वेल्श उच्चारावरून घ्यावीत, असे मला वाटते. दोन एलसाठी 'ह्ल' ही माझी सोय आहे. कुणाला याहून चांगली खूण सुचली तर मी ती आनंदाने वापरेन. कान तयार करण्यासाठी बीबीसी रेडिओ कम्रि ही १९७७ पासून चालू असलेली वाहिनी ऐकावी, आणि तिच्यावरच्या बातम्यांबरोबर येणारा हवामानाचा अंदाज तर आवर्जून ऐकावा. भाषा कळत नसली तरी अडत नाही: उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना गावांची नावे एकामागून एक येतात, वाक्यागणिक त्यांचे पहिले वर्ण बदलत जातात, आणि नकाशा समोर ठेवला असेल तर 'व्हान्गोर' असे ऐकू आल्यावर बोट बांगोरवर ठेवायचे, हे थोड्याच दिवसांत आपोआप कळू लागते.