आमची वाटचाल: कॉम्प्रेसर दुरुस्तीपासून दाण्यांपर्यंत

उद्यमबागेतलं आमचं दुकान मूळचं बाबांचं, कॉम्प्रेसर दुरुस्तीचं. फाउंड्रीवाले, पावडर कोटिंगवाले यायचे आणि सगळ्यांची तक्रार एकच: हवेच्या लाइनमधून पाणी येतंय. बेळगावच्या पावसाळ्यात दुसरं काय येणार! मग एअर ड्रायरचे, म्हणजे हवा कोरडी करणाऱ्या यंत्राचे, टॉवर उघडून आतले पाणी शोषणारे दाणे बदलायचं काम हाती घेतलं आणि त्यातच रमलो.

हे दाणे म्हणजे झिओलाइट, दिसायला साबुदाण्यासारखे. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट आपसूक सापडतो. आमचे दाणे मात्र कारखान्यात घडवलेले. स्फटिकाच्या आत खोल्याच खोल्या, आणि प्रत्येक खोलीला ठरल्या मापाचं दार. पुढे साखर कारखान्यांच्या इथेनॉल प्लांटची कामं मिळाली, तेव्हा या दाराचं महत्त्व खरं कळलं. अल्कोहोल कितीही उकळा, वजनी 95.6 टक्क्यांच्या पुढे पाणी सुटत नाही. तिथे थ्री-ए जातीचे दाणे लागतात. त्यांचं दार साधारण 3 अँगस्ट्रॉमचं, म्हणजे सेंटीमीटरच्या दहा कोटी भागांतले तीन. पाण्याचा रेणू त्याहून लहान, तो आत शिरतो. इथेनॉलचा मोठा, तो बाहेरून निघून जातो.

एका कामावर आम्ही आदल्या संध्याकाळीच ड्रम उघडून ठेवले. रात्रभर पाऊस. दाणे दिसायला कोरडेच, म्हणून भरले. प्लांट सुरू झाला, पण अल्कोहोल ओलंच. खोल्या आधीच हवेतल्या दमटपणाने भरल्या होत्या. सगळा बेड, म्हणजे टॉवरमधला दाण्यांचा थर, आमच्या खर्चाने बदलून दिला. तेव्हापासून टॉवरचं मॅनहोल (माणूस आत जाईल एवढं झाकण) उघडून माणूस तयार झाल्याशिवाय ड्रमचं सील तोडायचं नाही.

कधी दाणे ताजे असूनही पाणी येतं. तेव्हा मी आधी टॉवरमधून जाणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेचा वेग बघतो. रेणूला दाण्याच्या आत पोचायला वेळ लागतो: आधी स्फटिकांमधल्या रुंद फटी, मग स्फटिकातली अरुंद दारं. वाफ घाईने गेली तर दाण्याचा गाभा रिकामाच राहतो. 3 मिलिमीटरऐवजी 1.6 चे दाणे घातले तर ही वाट छोटी होते, पण बेडमधून जाताना वाफेचा दाब जास्त घटतो. गिऱ्हाइकाला हे समजावण्यात माझा अर्धा दिवस जातो, आणि तो घालवलाच पाहिजे असं मला वाटतं.

नवा पोरगा आला की त्याच्या तळहातावर चार कोरडे दाणे ठेवून वर पाण्याचे दोन थेंब सोडतो. "अण्णा, हे गरम झालं की हो!" असं तो म्हणाला, की मग त्याला टॉवर दाखवायला नेतो.