मॅग्नेटचा गुण्या

गेटचा कोपरा सुटला म्हणून परवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये तासभर स्टुलावर बसून होतो. मिस्त्रींनी चौकोनी पाइपची दोन टोकं काटकोनात जुळवली आणि कोपऱ्यात एक तांबडा, बाणाच्या आकाराचा ठोकळा खट्‌कन चिकटवला. मॅग्नेटचा गुण्या. एकट्या माणसाचा तिसरा हात.

मला एक काळी काच मिळाली होती. (वेल्डिंग उघड्या डोळ्यांनी बघितलं की रात्रभर डोळ्यांत वाळू खुपते. लहानपणी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून ही अक्कल विकत घेतलेली आहे.) काचेतून बघतो तर काय, रॉड टेकवला आणि जाळ समोरच्या सांध्यात पडायचं सोडून एका बाजूला कलला. पंख्यापुढे समईची ज्योत कलते, अगदी तसा. पण पंखा बंद होता.

"चुंबक वढतंय त्याला," मिस्त्री म्हणाले. "टाका मारायचा आन् काढून ठेवायचं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशिनीला ह्यो तरास नव्हता बघा. ह्या डीसीला हाय."

खरं तर चुंबक ओढत नाही, आडवं ढकलतं. शाळेत डाव्या हाताची तीन बोटं ताणून जो नियम पाठ केला, ज्यावर मिक्सर फिरतो, तोच. वीज वाहणाऱ्या तारेला चुंबक बाजूला रेटतं. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, म्हणून रेटाही एकाच बाजूला. इथे तारेऐवजी नुसता तापून फुटलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा. त्याला ना हाड ना पाठीचा कणा. रेटलं की वाकला, आणि वाकला की सगळी आच घेऊनच वाकला. जुन्या मशीनमध्ये विजेची दिशा सेकंदाला शंभरदा उलटायची, त्यामुळे एकाच बाजूला भरकटायला त्याला सवडच मिळत नसे.

लोखंड दीड हजार अंशांच्या थोडं वर वितळतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांचा. त्या जाळाचं पोट त्याहूनही तापलेलं. आणि ते हलवायला दीडेकशे रुपयांचा गुण्या पुरतो! मला हे अजूनही नीट पचलेलं नाही.

हीच खोड एका माणसाने कामाला लावली. नॉर्वेचा भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्कलँड. 1903 साली त्याने आपली विद्युतचुंबकी तोफ लोकांसमोर डागायचं ठरवलं. तोफेत शॉर्टसर्किट झालं, भला मोठा जाळ उठला आणि प्रेक्षकांची पळापळ झाली. दुसऱ्या कुणी तोंड लपवलं असतं. याने उद्योजक साम आयदे याच्याबरोबर तसल्याच जाळाची भट्टी बनवली. दोन तांब्याच्या नळ्यांमध्ये जाळ पेटवायचा, आडवं जबरदस्त चुंबक लावायचं. वीज उलटसुलट वाहणारी, म्हणून जाळ एकदा वर फेकला जायचा, एकदा खाली, आणि डोळ्याला दिसायची पेटलेली गोल थाळी. भाकरी थापल्यासारखी. एरवी बोटाएवढ्या जागेत कोंडलेली उष्णता अशी पसरली की तिच्यातून भरपूर हवा सोडता येते. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाशी बोलत नाही, तो तिथे ऑक्सिजनला चिकटतो आणि शेवटी त्याचं खत होतं. वीज मात्र ही भट्टी राक्षसासारखी खायची, म्हणून पुढे हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायच्या हेबर-बॉश या स्वस्त पद्धतीपुढे ती टिकली नाही.

पण अशा भट्ट्यांचा, नॉर्वेतल्या रिउकान गावचा कारखाना माझ्या मनातून जात नाही. डोंगरांच्या इतक्या खोल कुशीत हे गाव, की वर्षातले जवळपास सहा महिने तिथे ऊन उतरत नाही. 2013 मध्ये त्यांनी डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात थोडं ऊन आणलं. आणि त्याच गावात शंभर वर्षांपूर्वी कारखान्याच्या आत, भट्टीभट्टीत चुंबकाने थापलेले सूर्य जळत होते.

"झालं, साहेब."

मिस्त्रींनी हातोडीच्या टोकाने स्लॅग, म्हणजे सांध्यावर जमलेली काळी खपली, टकटक करून उडवला. सांध्याची आतली बाजू जरा फुगीर झाली होती, जाळ तिकडेच कलला होता. ग्राइंडर फिरवून त्यांनी ती सपाट केली. गुण्या भिंतीवरच्या लोखंडी पट्टीकडे नुसता नेला, तो आपणहून खट्‌ बसला.